टाकी गोल, काठी सरळ

माझ्या पत्राकामाच्या दुकानात शटरच्या आतल्या बाजूला, वर, दोन खिळ्यांवर एक सागवानी रीप आडवी ठेवलेली आहे. अडीच फुटांची, डिझेल पिऊन काळी पडलेली. एका कडेला सुरीने पाडलेल्या एकवीस खाचा. खालच्या टोकाला खाचा लांब लांब, मधे दाटीवाटीने, वर पुन्हा लांब. गिऱ्हाइकं विचारतात, ही काय भानगड? मी म्हणतो, घरचं सामान आहे, आणि ग्राइंडर चालू करतो. त्या आवाजात पुढचा प्रश्न ऐकू येत नाही.

गेल्या आठवड्यात ती रीप मला खाली काढावी लागली.

लेक यंदा दहावीला. भूमितीच्या पुस्तकातला शेवटचा धडा 'महत्त्वमापन'. (नाव ऐकून वाटतं, कुणाच्या तरी मोठेपणाचं माप काढायचंय. प्रत्यक्षात बादल्या आणि तंबू.) वृत्तचिती, शंकू, गोल, अर्धगोल, शंकूछेद, आणि प्रत्येकामागे दोन-तीन सूत्रं. संध्याकाळी ती दुकानातच येऊन बसते, कारण घरी रेंज नाही आणि इथे मी असतो. त्या दिवशी तिचं गणित बादलीचं होतं. वरच्या तोंडाचा व्यास ३० सेंमी, तळाचा २०, उंची २७, तर पाणी किती? तिने शंकूछेदाचं सूत्र आठवायचा कंटाळा केला. दोन त्रिज्यांची सरासरी काढली, साडेबारा. तेवढ्या त्रिज्येची सरळ वृत्तचिती धरली आणि उत्तर आणलं १३ लिटर २५४ मिली. सूत्राने येतं १३ लिटर ४३०.

"पावणेदोनशे मिलीचा तर फरक," ती म्हणाली. "एवढ्याने काय होतं, बाबा?"

सपशेल चुकली असती तर मी काही बोललो नसतो. हे थोडंसंच चुकलं होतं. म्हणून स्टुलावर चढून रीप काढली.

१९९४ साली मी दहावी झालो. गणितात १५० पैकी १३४. देवगडला आमच्या वाडीत तेव्हा हा आकडा मोठा होता आणि तो मी दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचो. निकाल लागला तेव्हा पावसाळा सुरू झालेला. आमची होडी वर ओढून झापांनी शाकारून ठेवलेली, इंजिन उघडलेलं, आणि डिझेलची टाकी बाहेर काढून गाळ धुवायला ठेवलेली. टाकी म्हणजे आडवं निजवलेलं पिंप. मी टेप लावला. व्यास ६०, लांबी १५०. पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले लांबी: ४२४ लिटर. टाकी ज्याने बनवली त्याने बाबांना सव्वाचारशे सांगितलं होतं. माझं उत्तर त्याच्याशी जुळल्यावर बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर पुढच्या सगळ्या घोटाळ्याला कारण झाली.

टाकीत डिझेल किती उरलंय ते बघायला काठी होती. हीच, वर ठेवलेली. ती आमच्या तांडेलाने, म्हणजे होडीवरच्या मुख्य खलाशाने, आबांनी केलेली. आबा चौथीपर्यंत शिकलेले. त्या काठीवरच्या खाचा बघून मला हसू आलं. पहिली खाच टोकापासून साडेपाच सेंटिमीटरवर, दुसरी नवावर, तिसरी बारावर, आणि मधोमध आलं की दोन खाचांमध्ये जेमतेम सव्वादोन. एकेक खाच वीस लिटरची. मला वाटलं म्हाताऱ्याने डोळ्यांच्या अंदाजाने सुरी चालवली आहे. साठ सेंटिमीटरला ४२४ लिटर, तर वीस लिटरला किती? त्रैराशिक. दोन पूर्णांक त्र्याऐंशी शतांश. एक नवी कोरी रीप घेतली, कंपासपेटीतली पट्टी लावली, हॅक्सॉ ब्लेडने सगळ्या खाचा एकसारख्या अंतरावर पाडल्या, आणि वर सँडपेपर मारला. दिसायला इतकी सुंदर काठी देवगड बंदरात दुसरी नसेल.

मी ती तपासूनही बघितली, हे मुद्दाम सांगतो. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा डिझेल भरताना मी शेजारी उभा राहिलो. २१२ लिटर गेले तेव्हा काठी बरोब्बर अर्ध्यावर भिजली. टाकी गच्च भरली तेव्हा टोकापर्यंत. दोन्ही ठिकाणी माझी काठी खरी. आबांची जुनी काठी मी इंजिनखोलीच्या कोपऱ्यात टाकून दिली. आबा काहीच बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ मी तेव्हा संमती असा घेतला.

गणपतीनंतरची गोष्ट. तीन दिवसांची फेरी होती, मासळी बरी लागली म्हणून बाबा जरा जास्त थांबले. परत फिरताना मी काठी बुडवली, दोन खाचांपर्यंत भिजली. बाबांनी विचारलं, "डिझेल आसा मरे?" मी म्हटलं, "आसा. काठयेर दोन खुणो आसत." दोन खाचा म्हणजे चाळीस लिटर. आमचं इंजिन तासाला पाचेक लिटर खायचं. आठ तासांची बेगमी, घर चार तासांवर.

कुणकेश्वरच्या समोर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. रात्रीचे साडेदहा-अकरा झाले असतील. पुढे देवगडच्या दीपगृहाचा झोत फिरताना दिसत होता आणि आम्ही जागच्या जागी डुलत होतो. बाबा बोलले नाहीत. खलाशी बोलले, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोनेक तासांनी आमच्याच बंदरातली एक होडी मागून आली आणि तिने आम्हाला दोर टाकला. बर्फ वितळून गेलेला, त्यामुळे मासळीचा भावही पडला. त्या मोसमात बंदरावर माझं नाव 'इंजिनेर' असं पडलं. अजूनही दोन-तीन म्हातारे त्याच नावाने हाक मारतात.

दुसऱ्या दिवशी आबांनी दोन्ही काठ्या जेटीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, टोकाला टोक लावून. माझी दुसरी खाच आणि त्यांची पहिली खाच एकाच रेषेत आली. मी जिथे चाळीस वाचले होते तिथे वीस होते. त्यातलेही सहाएक लिटर बुडाशी राहणारे, कारण गाळ ओढला जाऊ नये म्हणून इंजिनाकडे जाणारी नळी बुडापासून इंचभर वर बसवलेली.

"मेल्या," आबा म्हणाले, "टाकी गोल आसा. तुझी काठी सरळ."

मग मी विचारलं, तुम्ही खाचा कशा पाडल्या? ते म्हणाले, टाकी नवी आली तेव्हा वीस लिटरचा कॅन एकेक करून ओतला. दर कॅनला काठी बुडवली, भिजली तिथे कापली. "खूण डिझेलान केलली. मी फकस्त सुरी चलवलंय."

हे सगळं सांगून झाल्यावर लेकीने पहिला प्रश्न विचारला तो असा: "मग अर्ध्यावर कशी बरोबर आली?" तिथेच तर मी फसलो होतो. आडव्या टाकीचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांची आरशातली प्रतिमा, त्यामुळे मधे आणि टोकाला सारख्या खाचांची काठीही खरंच बोलणार. खोटं बोलते ती अधेमधे. पंधरा सेंटिमीटर भिजली की माझी काठी म्हणायची चौथाई, १०६ लिटर. खरे असायचे ८३. आणि वरच्या अर्ध्यात उलटं. पंचेचाळिसावर माझी काठी ३१८ सांगायची, आत ३४१ असायचे. म्हणजे टाकी भरलेली असताना ती कंजूष, रिकामी होत आली की उधळी. होडीवर याच्याइतका वाईट स्वभाव दुसरा नाही.

मी तिला दुकानातलं एक रिकामं पिंप आडवं करून दाखवलं. आत पाणी ओतलं की वरून काय दिसतं? आयत. लांबी पिंपाएवढी, ती बदलत नाही. रुंदी बदलते. बाबांच्या टाकीत बुडापासून तीन सेंटिमीटरवर तो आयत सव्वीस सेंटिमीटर रुंद, मधोमध साठ. तळाशी थोड्या डिझेलने पातळी भसकन चढते, पोटाशी आली की चढता चढत नाही. आता तेच पिंप उभं केलं. वरून दिसतो गोल, आणि तो तळापासून तोंडापर्यंत तोच. इथे माझी सँडपेपर मारलेली काठी शंभर टक्के बरोबर. पिंप तेच, पाणी तेच, फक्त कापायची दिशा बदलली.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी शाळेत कुणाच्या तोंडून ऐकलं नाही: सूत्राला हात लावायच्या आधी वस्तू मनात आडवी काप. दर उंचीला छेद कसा दिसतो? तोच राहतो, की बदलतो? बदलत असेल तर कसा? पुस्तकात 'शंकूछेद' या शब्दातच छेद आहे, पण धडाभर कुणी सुरी उचलत नाही.

छेद बदलण्याची गंमत सगळ्यात जास्त शंकूत. काजूच्या कारखान्यांसाठी मी हॉपर करून देतो, खाली निमुळते होत जाणारे. नवा गडी हॉपर अर्ध्या उंचीपर्यंत भरला की म्हणतो, अर्धा झाला. टोक खाली असलेला शंकू अर्ध्या उंचीपर्यंत भरला तर त्यात फक्त आठवा हिस्सा माल असतो. उंची निम्मी, तोंडाची त्रिज्याही निम्मी, म्हणून छेद चौथाई. निम्मे गुणिले चौथाई, आठवा. आमच्याकडे चतुर्थीला मोदकावरून याच गणिताची भांडणं व्हायची. भाऊ वरचं अर्धं नाक मोडून म्हणायचा, मी अर्धाच घेतला. खरं तर तो तोट्यात होता. सारणही खालीच असतं.

आता पुन्हा बादली. मी लेकीला म्हटलं, तुझी सरासरीची पद्धत या नरसाळ्याला लाव. वरची त्रिज्या १५, खालची शून्य, उंची तीच २७. सरासरी साडेसात. तिचं उत्तर आलं पावणेपाच लिटर. खरं उत्तर ६ लिटर ३६०. पाऊण पट! बादलीत जी चूक पावणेदोनशे मिलीची होती ती नरसाळ्यात दीड लिटरच्या वर गेली. चूक तीच, बादलीच्या भिंती जवळजवळ उभ्या म्हणून ती दडून बसलेली. ती गप्प झाली. मला माझ्या बाबांची ती खूश नजर आठवली आणि मी पण गप्प झालो.

मग तिला मी भास्कराचार्यांचा नियम दाखवला. त्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथाचं मराठी भाषांतर मी काही वर्षांपूर्वी वाचनालयातून आणलं होतं, वहीत बरंच उतरवून घेतलंय. ग्रंथ ११५० सालचा. आचार्य आपल्या गावाचा पत्ता सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं गाव असा देतात. म्हणजे तसे शेजारीच. त्यात खड्ड्यांच्या मापावर एक प्रकरण आहे, खातव्यवहार. वर रुंद आणि खाली अरुंद खड्डा असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ घ्या, तळाचं घ्या, आणि तोंडाच्या व तळाच्या बाजूंची बेरीज करून तिचं क्षेत्रफळ घ्या. तिन्हींच्या बेरजेला सहाने भागा, खोलीने गुणा.

हे बाजूंच्या बेरजेचं काय प्रकरण आहे ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मग एका बागायतदाराचं शेततळं मोजताना उजेड पडला. वर २० बाय १५ मीटर, तळाला १४ बाय ९, खोली ३. अर्ध्या खोलीवर तळं १७ बाय १२ असणार. बाजूंची बेरीज केली तर ३४ बाय २४, म्हणजे दोन्ही बाजू दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट. आचार्य मधला छेद चारदा मोजायला सांगताहेत! ३००, अधिक १२६, अधिक २०४ चारदा म्हणजे ८१६. बेरीज १२४२. भागिले सहा, गुणिले तीन, ६२१ घनमीटर. जेसीबीवाला वरच्या-खालच्या क्षेत्रफळाची सरासरी काढून ६३९ म्हणत होता. अठरा घनमीटर मातीचे पैसे ती माती न खणता.

लेकीने बादलीला लावून बघितलं. वर १५ चा वर्ग २२५, खाली १००, मधे साडेबाराचा वर्ग १५६.२५ चारदा म्हणजे ६२५. बेरीज ९५०, भागिले सहा, गुणिले सत्तावीस, गुणिले पाय. १३ लिटर ४३०. नरसाळ्याला लावलं: वर पूर्ण, खाली शून्य, मधे चौथाई चारदा म्हणजे पुन्हा पूर्ण. दोन भागिले सहा, एक तृतीयांश. आचार्यांनी टोकदार खड्ड्याला सपाट खड्ड्याचा तिसरा हिस्सा सांगितलाय तो हाच. ती आता तापली होती. गोलाला लावलं, हे आचार्यांनी सांगितलेलं नाही, हा उद्योग आमचा. वरचा छेद शून्य, खालचा शून्य, मधला पूर्ण वर्तुळ चारदा. भागिले सहा, गुणिले व्यास. चार तृतीयांश पाय त्रिज्येचा घन. पुस्तकातलंच सूत्र, अक्षरशः.

"मग एवढी सूत्रं पाठ कशाला करायची?" ती म्हणाली. मी म्हटलं, परीक्षेत पायऱ्यांना मार्क असतात. दुसरं काय सांगणार.

'लीलावती'तलं आणखी एक प्रकरण मला फार आवडतं, धान्याच्या राशीचं. सासुरवाडीला भात झोडून झाल्यावर खळ्यात रास पडते. सासरे विचारतात, जावयबापू, किती निघेल? उंची मोजायला राशीत काठी खुपसावी तर रास ढासळते. आचार्य म्हणतात, उंची मोजूच नका. धान्याचा उतार ठरलेला असतो. भरड धान्याची रास परिघाच्या दहाव्या भागाएवढी उंच, बारीक धान्याची अकराव्या, कुसळाच्या धान्याची नवव्या. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करा, उंचीने गुणा, झालं घनफळ. फक्त एक दोरी लागते. मी राशीभोवती दोरी फिरवली, ५ मीटर ४०. भाताला नववा भाग धरला, उंची ६० सेंमी. परिघाचा सहावा भाग ०.९, वर्ग ०.८१, गुणिले ०.६, म्हणजे ४८६ लिटर. घासलेटचा जुना डबा १८ लिटरचा, म्हणून मी २७ डबे सांगितले. भरले साडेपंचवीस.

सासऱ्यांनी काही म्हटलं नाही. पण मला चैन पडेना. घरी येऊन बघितलं तर आचार्यांनी इथे पायची किंमत सरळ तीन धरली आहे. तेच आचार्य वर्तुळाच्या प्रकरणात १२५० व्यासाला ३९२७ परीघ इतकी बारीक किंमत देतात, व्यवहाराला सातास बावीसही देतात, आणि खळ्यात येऊन तीन! नीट पाय घेतला तर ४६४ लिटर येतात, पंचवीस डबे आणि वर पाऊण. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं. राशीच्या कडेला दोरी कुठे लावायची यातच तेवढी चूक होते, तिथे दशांश घेऊन काय उपयोग. भिंतीला टेकलेल्या आणि कोपऱ्यातल्या राशीचाही नियम आहे. कोपऱ्यात पडलेली रास म्हणजे चौथाई शंकू, दोरीचं माप चौपट करा, हिशेब करा, मग चौथा भाग घ्या. आमच्या पडवीत रास कोपऱ्यातच असते.

पृष्ठफळाबद्दल मी लेकीला फारसं शिकवलं नाही, कारण ते ती रोज डोळ्यांनी बघते. शंकूचं वक्रपृष्ठफळ पाय गुणिले त्रिज्या गुणिले तिरकस उंची, हे मी कधी पाठ केलं नाही. नरसाळं करायचं तर पत्र्यावर तिरकस उंचीएवढी त्रिज्या घेऊन वर्तुळाचा तुकडा कापायचा. त्रिज्या १५ आणि तिरकस उंची २५ असेल तर २१६ अंशांचा. तो वळवला की नरसाळं. उलगडला की सूत्र. मात्र एक गोष्ट पुस्तकात नाही, ती सांगितली. आठ बाय चार फुटी पत्रा, म्हणजे २४४ बाय १२२ सेंमी. त्यातून ६० व्यासाची, १२२ लांबीची बंद टाकी निघेल का? पृष्ठफळ काढलं तर पत्रा पुरतो, वर हजारभर चौरस सेंटिमीटर उरतात. पण वेढ्याला १८८ गेले की राहते साडेपंचावन्नची पट्टी, आणि झाकणं हवीत साठची. दोन्ही झाकणं त्यातूनच काढायची तर व्यास ५८ वर आणावा लागतो, आणि टाकी ३४५ लिटरवरून ३२२ वर येते. ऑर्डर घेताना हा हिशेब विसरून मी एकदा दुसरा पत्रा पदरचा घातलाय. क्षेत्रफळ पुरलं म्हणजे पत्रा पुरला असं नाही.

गोलाचा पत्रा मात्र उलगडत नाही, कितीही कापा. भास्कराचार्य गोलाच्या पृष्ठफळाला चेंडूवरच्या जाळ्याची उपमा देतात. बंदरावरच्या माणसाला ती लगेच पटते, जाळं ताणतं, पत्रा ताणत नाही. परीघ गुणिले व्यास एवढं ते जाळं. म्हणजे गोलाला घट्ट बसणाऱ्या, तेवढ्याच उंचीच्या नळकांड्याच्या वेढ्याइतकंच! यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. रविवारी कलिंगड आणलं होतं, चांगलं वाटोळं, चोवीस सेंटिमीटरचं. चार-चार सेंटिमीटरच्या सहा चकत्या केल्या. प्रत्येक चकतीला हिरवी साल सारखीच येते, सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर, मधल्या चकतीलाही आणि शेंड्याच्या चकतीलाही. माझा विश्वास बसायला बरीच वर्षं लागली. मधल्या चकतीची सालीची पट्टी लांब पण सरळ उभी, शेंड्याची आखूड पण तिरकी झुकलेली म्हणून रुंद, आणि दोन्ही नेमक्या फिटतात. आतला ऐवज मात्र मधल्या चकतीत १७४२ घनसेंटिमीटर, शेंड्याच्या चकतीत ५३६. लेकीने हिशेब करून घेतला आणि मधली चकती उचलली. बायको म्हणाली, शेंडे नेहमी मलाच का?

तर त्या संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी लेकीने विचारलं, "हा सहाने भागायचा नियम आबांच्या आडव्या टाकीला चालतो का?"

मी इतक्या वर्षांत करून बघितलं नव्हतं. म्हटलं, बघ. वर शून्य, बुडाशी शून्य, मधे साठ बाय दीडशेचा आयत चारदा. भागिले सहा, गुणिले साठ. आलं ३६० लिटर. हवे ४२४. चौसष्ट लिटर गायब. तिने दोनदा तपासलं, मी एकदा. गणित बरोबर होतं, नियमच लंगडा पडला. शंकूचा, गोलाचा छेद उंचीच्या वर्गाच्या हिशेबात बदलतो, तिथे हा नियम बिनचूक. आडव्या टाकीच्या आयताची रुंदी वर्गमुळातून येते, तळाशी एकदम फाकते आणि मग संथ होते. त्याला तीन छेद पुरत नाहीत. एकाच टाकीने मला दुसऱ्यांदा गाठलं.

"मग अजून कापू," ती म्हणाली. टाकीचे मधोमध दोन थर केले आणि दोघांना वेगवेगळा नियम लावला. ४०२. चार थर केले. ४१६. घरी आल्यावर तिने आठ थरांची कोष्टकं आखायला घेतली. आईने दोनदा जेवायला हाक मारली, सोलकढी वाढून झाली, तरी ही कॅल्क्युलेटरवर वर्गमुळं काढतेय. रीप तिने दुकानातून घरी आणली होती, वहीच्या शेजारी ठेवलेली, टेबलाला डिझेलचा वास.

"बाबा, आबांनी किती थर केलेले?"

मी खाचा मोजायला हात पुढे केला. तिने त्या आधीच मोजून वहीच्या कडेला आकडा लिहून ठेवला होता.